माळ्यावरची कळशी

आमच्या घरात पितळ काळं राहत नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी चिंच भिजते आणि तांब्यापासून समईपर्यंत सगळं अंगणात येऊन पडतं. गावातल्या बायका घरी आल्या की आधी मांडणीकडे बघतात, मग माझ्याकडे. मी काही त्यांना बघा म्हणत नाही. पण एखादीनं बघितलं नाही तर माझ्या ध्यानात राहतं.

एकच भांडं यातून सुटलं होतं. माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एक पितळी कळशी पन्नास वर्षं पालथी पडून होती. आदिनाथनं, माझ्या मुलानं, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा मीच ती पोत्यात घालून या माळ्यावरून त्या माळ्यावर नेली. कुणाला हात लावू दिला नाही.

कारण कळशी माझी नव्हती. माझ्या थोरल्या जावेची होती, छबुबाईची. तिचा नवरा त्रिंबक, माझा दीर. ज्वारी काढताना त्याला साप चावला आणि गाडी जुंपेपर्यंत सगळं आटपलं. वर्ष सरलं तसा छबुबाईचा भाऊ तिला न्यायला आला. सोबत तिची रुखवतातली भांडीही न्यायची होती. सासू अंथरुणाला खिळलेली, किल्ल्या माझ्याकडे. मी परात काढली, दोन पातेली काढली, ताटं मोजून दिली. कळशी माझ्या पाठीमागं होती. भाऊ म्हणाला, “एक कळशी बी हुती.” पाच माणसं बसली होती ओसरीवर. मी म्हटलं, “ती माझी. सिरसाळ्याहून आलेली.”

सिरसाळा माझं माहेर, तेवढं खरं. पण बापानं मला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, चार भांडी देऊन बोळवलं होतं. भावकीतल्या बायका मला जर्मनवाली म्हणायच्या, मागं नाही, तोंडावर. छबुबाई बोचकं घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं, आणि जाऊन गाडीत बसली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी दिली असती. कदाचित नसतीही. आता ते विचारून उपयोग नाही.

आमच्याकडे मुलीला भांडं देताना त्यावर तिचं नाव ठोकून देतात, टिंबाटिंबांनी. कळशीच्या गळ्याखाली ते होतं. मी दोन दुपारी विटकर लावून दगडानं घासलं. बोट फिरवलं तर काही लागेना, तेव्हा थांबले. मग तिला काळं पडू दिलं. पाण्याला एकदाही नेली नाही. नेणार कुठं? आडावर सगळ्या बायकांनी ती कळशी छबुबाईच्या कमरेवर बघितलेली.

हे सगळं माझ्यापाशीच राहिलं असतं. पण आदिनाथची बायको चित्रकार निघाली.

प्रियदर्शनी तिचं नाव. एवढं नाव घ्यायला दम लागतो म्हणून मी दर्शनी म्हणते. पाटोद्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. चपात्या तिच्या नकाशासारख्या होतात, पण उलट उत्तर देत नाही. द्यायचं झालं तर एकच देते आणि ते बसतं. मला ती आत्या म्हणते, सासूला आमच्याकडं तसंच म्हणतात. दिवाळीच्या आवराआवरीत ती माळ्यावर चढली आणि जाळी-जळमटं डोक्यावर घेऊन खाली उतरली. हातात कळशी.

“आत्या, ही कुणाची?”

“माझी. सिरसाळ्याहून आलेली.”

जिभेला सवय होती. मला विचार करावाच लागला नाही.

“घासायची हाय का?”

“नको.”

“नकोच,” ती म्हणाली. “मला अशीच पाहिजे.”

मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. तिथं तिनं टेबल ठेवलं, त्यावर घडी घातलेली घोंगडी, घोंगडीपुढं कळशी, आणि कळशीच्या पायाशी दोन कवठं. मागं काळी चादर खिळ्यांना अडकवली. मग खडूनं प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारली, म्हणजे कुणाचा धक्का लागला तर परत जागच्या जागी ठेवता यावं. आदिनाथ दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “पोलीस पंचनामा करतेत तसं झालं हे.” तिनं त्याला बाहेर काढून कडी लावली. नवऱ्याला असं बाहेर काढायला मला तीस वर्षं लागली होती.

फेब्रुवारीच्या अखेरीला बीडला जिल्ह्यातल्या चित्रकलेच्या मास्तरांचं प्रदर्शन होणार होतं. त्यासाठी हे. शाळा सांभाळून तिला शनिवारची दुपार आणि रविवार एवढंच मिळायचं. मी म्हटलं, एक भांडं आणि दोन कवठं, दोन रविवारांत उरकेल.

पहिल्या रविवारी तिनं पांढरं कापड चिखलाच्या रंगानं माखून ठेवलं. बस, एवढंच. दुसऱ्या शनिवारी त्यावर तपकिरी रंग घेतला, ओल्या मातीसारखा, आणि त्या एकाच रंगानं कळशी काढायला लागली. कुठं दाट, कुठं पातळ. उजेडाच्या जागी चिंधीनं पुसून घ्यायची. घोंगडी तपकिरी, कवठं तपकिरी, चादर तपकिरी. मी निवडायला तूर घेऊन दारापाशी बसले होते.

“रंग संपले का गं?”

“रंग मागून येतात, आत्या. आधी उजेड कुठं पडतो अन् अंधार कुठं बसतो ते नक्की करायचं. ते चुकलं तर वरून कितीबी रंग लावा, कळशी पोकळ दिसणार न्हाई. ताटासारखी सपाट दिसती.”

“हे कवा सरायचं?”

“सरल. डोळे बारीक करून बघा बरं. रंग जातेत अन् नुसता उजेड-अंधार ऱ्हातो.”

“मला मोतीबिंदू झाल्यापासून तसंच दिसतंय.”

“मग तुमी माझ्या पुढं हाय.”

तिच्या बाटलीतल्या तेलाचा वास मला ओळखीचा वाटला. विचारलं तर म्हणाली, जवसाचं. आम्ही जवसाची चटणी करतो, आमच्या आईनं त्याचं तेल दिव्यालाही घातलं होतं, पण ते चित्राला लागतं हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. ते लवकर वाळत नाही म्हणून एक थर दिला की आठ दिवस थांबायचं. थांबायची तिला सवय होती, मला नव्हती.

एक अख्खा रविवार तिनं कळशीच्या काठावर घालवला. दोन बोटांएवढी जागा. मी म्हटलं, “इतक्या येळात मी चाळीस भाकरी थापल्या असत्या.”

“थापल्या असत्या,” ती काठाकडं बघतच म्हणाली, “अन् सांजपोहोतर संपल्या बी असत्या.”

मी तूर घेऊन उठले. पण पुढच्या रविवारी परत बसले. काम बघायला माझी ना नसते. नुसतं बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. आणि बघता बघता माझ्या ध्यानात यायला लागलं की ती खोटं काढत नाही. कळशीच्या पोटाखाली मला नुसता काळोख दिसायचा. तिनं तिथं चिंधीचं टोक फिरवून एक बारीक उजेडाची कड काढली. मी म्हटलं तिथं उजेड कुठला. ती म्हणाली, टेबलाचा, खालून परत वर येतो. मी उठून जवळ जाऊन बघितलं. होता. ती कळशी मी पन्नास वर्षं ओळखत होते आणि तो उजेड मला माहीत नव्हता.

एका रविवारी तिनं चित्र उलटं करून पाठीमागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

“काय लिव्हलंस?”

“चित्राचं नाव. आत्याच्या माहेरची कळशी.”

मी तुरीतला खडा काढला. “एवढं कशाला लिव्हायचं? कळशी म्हटलं की झालं.”

“लोकांना कळाया नको का, कुणाची हाय ते?”

थोड्या वेळानं मी विचारलं, “बारीकसारीक समदं काढणार का तू तिच्यावरचं?”

“दिसंल ते समदं. पोचा, ओरखडा, काय असंल ते. पर ते सगळ्यात शेवटी.”

दिसेल ते. दिसत तर काही नव्हतं. मी स्वतःच्या हातानं घासलं होतं आणि वर पन्नास वर्षांचं काळं चढलं होतं. मी निर्धास्त राहिले.

संक्रांतीपर्यंत तिचं ते तपकिरी चित्र पुरं झालं. रंगाचा टिपूस नव्हता आणि तरी कळशी उचलून घ्यावी अशी दिसत होती. आता वाळलं की पातळ रंग चढवायचे, ती म्हणाली.

संक्रांतीला तिनं हळदीकुंकू ठेवलं. आदिनाथचे वडील जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळं मी बाजूला खुर्चीवर. बायका आल्या, तिळगूळ झाला, उखाणे झाले. बायनाबाई आमच्या शेजारची. तिला दुसऱ्याच्या घरातली बंद खोली बघवत नाही. तिनं कडी काढून आत डोकावलं आणि तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आगं बाई, दगडाबाईच्या घरात असलं काळं ध्यान? अन् हेच बीडला न्हेऊन दाखवायचं व्हय?”

दगडाबाई म्हणजे मी. “चित्र हाय ते,” मी म्हटलं.

“चित्र असू दे. लोक म्हणतेल, ह्यांच्यात चिंच मिळंना का काय.”

बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत, सणाचं हसल्या. दर्शनी स्वयंपाकघरात होती, तिला काही कळलं नाही. पण मला त्या हसण्यात जर्मनवाली ऐकू आलं. त्या बायका तर तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दर्शनी शाळेत गेली आणि मी चिंच भिजत घातली.

मी काही विचार न करता केलं असं नाही. खडूच्या रेघा होत्या. कळशी उचलली आणि परत ठेवली तर केसाचाही फरक पडणार नाही, हे मी बघून ठेवलं होतं. बीडला आमच्या घरातलं भांडं जायचं तर नीट जावं, एवढंच माझ्या डोक्यात. नावाचं डोक्यात आलंच नाही. ते मी कधीच मिटवलं होतं ना. चिंच, मीठ, मग राख, मग काथ्या. तासाभरात कळशी अशी निघाली की तिच्यात खिडकी दिसायला लागली, गजांसकट. पुसून कोरडी केली, रेघेत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन चहा घेतला. बऱ्याच दिवसांत एवढा गोड लागला नव्हता.

ती पाचला आली. खांद्यावरची पर्स न काढताच मागच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. बराच वेळ थांबली, म्हणून मी गेले.

“कुणी केलं?”

“मी. काळं ध्यान न्ह्यायचं होतं का बीडला?”

ती रडली नाही. रडली असती तर मला बोलायला जागा मिळाली असती. ती स्टुलावर बसली.

“आत्या, नऊ आठवडे झाले ह्याला.”

“कळशी हाय की. मी काय मोडून खाल्ली?”

“परत तशी काळी व्हायला किती दिवस लागतेत?”

“तशी? मी मेल्यावर बघ तू.”

ती हसली नाही. उठून टेबलाजवळ गेली, वाकली, डोळे बारीक केले, तिचं ते नेहमीचं. खिडकीतून तिरका उजेड येत होता. तिनं बोट पुढं केलं, पण लावलं नाही.

“हिच्यावर नाव हाय.”

मी आत टेबलापाशी गेले.

“छ,” ती म्हणाली. “छबु. छबुबाई. आत्या, छबुबाई कोण?”

मग मीही वाकले. मला मोतीबिंदूतूनही दिसलं. विटकरीनं मी टिंबांच्या नुसत्या कडा घासल्या होत्या. खड्डे तसेच होते. सगळी कळशी काळी होती तोवर ते काळ्यात लपून राहिले. चिंचेनं वरचं काळं गेलं, खड्ड्यातलं गेलं नाही. चमकत्या पितळेवर एकेक टिंब काजळ भरल्यासारखं उभं होतं. कुणी उकरून काढलं नव्हतं. मीच काढलं होतं, तासभर, काथ्यानं.

माझ्या आईचं नाव म्हणून सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. तिनं ते खरं मानलं असतं, शेवटच्या रविवारी ते नाव नीट काढलं असतं, आणि बीडला भिंतीवर टांगलं असतं. छबुबाईचं नाव आणि खाली माझं माहेर. तिनं जे काही त्या कापडावर काढलं होतं त्यात एवढंसंही खोटं नव्हतं, पोटाखालचा उजेडसुद्धा खरा होता. त्यात हे मला घालवेना.

“माझी थोरली जाऊ,” मी म्हटलं. “कळशी तिची हाय.”

बाकीचं मी उभ्या उभ्या सांगितलं. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. पन्नास वर्षांचं एवढंच निघतं, हे बघून मलाच नवल वाटलं.

“हायत का त्या?”

“मांजरसुंब्याला. भाच्याच्या ढाब्यावर. तिचा भाऊ तर गेला.”

तिनं चित्र उलटं करून पाठीमागची पेन्सिलीची ओळ बघितली. पुसली नाही. परत सरळ करून ठेवलं.

“चित्राचं काय मग?” मी विचारलं. “गेलं ना वाया?”

“वाया कावून जाईल?” तिनं त्या तपकिरी कळशीकडं बोट केलं. “काळी कळशी इथं हाय की. उजेड-अंधार समदा धरून ठेवलाय मी. आता ती चमकू द्या न्हाईतर आडात पडू द्या.” मग पर्स काढून खुंटीला अडकवली. “फक्त नावाचं सांगा. काढू का नको. अन् ती मागची ओळ. ते मी ठरवणार न्हाई.”

“तुझं चित्र हाय.”

“कळशी माझी न्हाई.”

तुमची नाही, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तरी चाललं असतं.

चार दिवस मी काही ठरवलं नाही. तिनंही विचारलं नाही. घोंगडीला आणि कवठांना रंग चढवत राहिली, कळशीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी कळशी बाजाराच्या पिशवीत घातली. आदिनाथ म्हणाला, आई, गाडीनं सोडतो. मी म्हटलं, एसटीला चाकं हायत. अशा कामाला मुलगा बरोबर न्यायचा नसतो. तो मध्ये बोलतो.

मांजरसुंब्याला चौकात उतरले. शहादेवचा ढाबा लगेच सापडला. शहादेव, छबुबाईचा भाचा, गल्ल्यावर होता. मला ओळखलं नाही. “मागं बसल्यात आत्या,” म्हणाला. “लसूण सोलायल्यात.” स्वयंपाकाच्या खोलीमागं लिंबाखाली बाज होती. बाजेवर छबुबाई, पुढं परातीत लसणाचा ढीग. परात मी ओळखली. मीच काढून दिली होती.

“कोण?”

“मी. दगडा.”

तिचे हात थांबले नाहीत. “बस. लसणाचा वास येईल लुगड्याला.”

मी बसले. पिशवीतून कळशी काढून बाजेवर ठेवली. तिनं बघितलं.

“घासून आणलीस.”

“हं.”

“माझ्याकडं असती तर एवढी घासली नसती मी. मला कटाळा.”

शहादेवच्या बायकोनं चहा आणून दिला आणि कळशीकडं बघत गेली. हायवेवर ट्रक हॉर्न देत होते. मी जे विचारायला आले होते ते विचारून टाकलं.

“तवा बोलली कावून न्हाईस?”

“काय बोलायचं?”

“माझी हाय म्हणायचं.”

तिनं एक पाकळी सोलली, परातीत टाकली. “गाडीत जागा न्हवती.” मग दुसरी घेतली. “अन् मला वाटलं, ऱ्हाऊ दे एक. समदं उचलून न्हेलं तर सात वर्स मी तिथं हुते ह्याला काय ऱ्हायलं? आडावर रोज जाईल, बाया बघतेल. मी न्हाई तर कळशी तर जाईल.” तिनं माझ्याकडं बघितलं. “पाण्याला न्हेत होतीस ना?”

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

“न्हाई. माळ्यावर होती.”

“कवापसून?”

“तवापसून.”

तेव्हा तिचे हात थांबले. लसणाची साल बोटाला चिकटली होती ती तिनं झटकलीही नाही.

“मग घेतलीस कशाला, दगडे?”

मला आयुष्यात उत्तराला थांबावं लागलेलं नाही. त्या दिवशी लागलं. एक ट्रक मागं घेत होते, त्याचा तो बीप बीप आवाज येऊन थांबला. तिनं परत विचारलं नाही. पाकळ्या सोलायला लागली. मग मीही ढिगातला एक गड्डा घेतला.

अर्धा ढीग झाल्यावर मी तिला चित्राचं सांगितलं. सून काय करते, एका रंगानं कशी काढते, काठाला अख्खा रविवार कसा गेला. ती ऐकत होती.

“नाव काढलं का त्यात?”

“अजून न्हाई. काढायचं का न्हाई ते मी ठरवायचं म्हणती.”

“तू कशाला ठरवितीस? नाव माझं हाय.”

“मग तू सांग.”

“काढ म्हणावं.” तिनं परात बाजूला सारली. “पर मी बघाया येनार. मला वाचता येत न्हाई. तू आनिक काय तरी सांगशील.”

मी कळशी तिच्याकडं सरकवली. म्हटलं, ही ठेवून जाते. तिनं ती हातानं मागं लोटली. “अर्ध्या कामातून वस्तू उचलून आणलीस व्हय? तिचं काम थांबलं आसंल. घेऊन जा. झालं की आण.” मी पिशवीत घालत होते तेव्हा म्हणाली, “अन् रिकामी आणू नको. तेवढं तर येत आसंल अजून.”

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी शहादेव तिला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. ती उतरली, स्लॅबच्या घराकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि “ओसरी कुठं गेली?” एवढंच म्हणाली. मी सांगितलं, पाडली. दर्शनीनं पायावर डोकं ठेवलं. छबुबाईनं तिच्या हाताकडं बघितलं, नखात रंग होता. “कामाची दिसती,” मला म्हणाली.

मागच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या. चित्र जवळजवळ पुरं होतं. पातळ रंग चढले होते आणि त्यातून खालचं तपकिरी अजून श्वास घेत होतं. कवठं करडी, खरखरीत. घोंगडीचा काठ. कळशी काळी, माळ्यावरून उतरवली तशी, पोटावर एका जागी पितळ उजळल्याचा भास. आणि शेजारी टेबलावर खरी कळशी घासलेली, लखलखीत. काळीवर नाव दिसत नव्हतं आणि चमकतीवर काळं नव्हतं. दर्शनी एकदा हिच्याकडं बघायची, एकदा तिच्याकडं, आणि दोन्ही मिळून एक करायची.

तिनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला. तीनच केस असतील त्याला. एक टिंब ठेवलं, मागं सरली, डोळे बारीक केले. दुसरं ठेवलं.

“असंच बसायचं व्हय?” छबुबाई म्हणाली.

“असंच.”

“सोनारानं घटकाभरात ठोकलं हुतं.”

“त्यो सोनार न्हवता, भांड्याचा दुकानदार असंल.”

“तुला काय म्हाईत? तुझ्या भांड्यावर कवा नाव घातलं कुणी?”

पन्नास वर्षांत हे माझ्या घरात येऊन म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. दर्शनीचा ब्रश हवेत थांबला. मी म्हटलं, “जर्मनवर नाव बसत न्हाई. पोचा पडतो.” छबुबाई हसली. तिला पुढचे दात नाहीत. दर्शनीनं ब्रश खाली टेकवला.

तासाभरानं छबुबाईनं विचारलं, “कुठवर आलं?”

मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण हे वाचायला तेवढं पुरत होतं. “छ झालं, बु झालं. बा चाललंय.”

“अन् मागं काय लिव्हलं म्हणत हुतीस?”

दर्शनीनं माझ्याकडं बघितलं. मी उठले, तिच्या डब्यातला खोडरबर घेतला, चित्राच्या मागं गेले. कापड हलू नये म्हणून चौकट एका हातानं धरली आणि ती ओळ पुसली. पेन्सिल दाबून लिहिलेली, पुसली तरी तिचे वळ राहिले. ते राहू दिले.

“आता काय लिहू मग?” दर्शनीनं विचारलं. “छबुबाईंची कळशी?”

“वर नाव हाय की,” छबुबाई म्हणाली. “आनिक कशाला लिव्हायचं?”

मी कळशी टेबलावरून उचलली. तिचं काम आता नावापुरतंच होतं आणि नावही शेवटच्या अक्षरावर आलं होतं. दर्शनीनं मान हलवून हो म्हटलं. मी तिथंच खुर्चीजवळ खाली बसले आणि कोपऱ्यातलं या वर्षीच्या ज्वारीचं पोतं ओढून घेतलं. कळशीचं तोंड अरुंद, ओंजळीनं सांडतं, म्हणून मुठीनं भरावं लागतं. मी एकेक मूठ टाकत होते.

“झालं का?” छबुबाईनं विचारलं.

मला वाटलं, ती कळशीचं विचारते. मग बघितलं तर ती चित्राकडं बघत होती.

“ई ऱ्हायलं,” मी म्हटलं.